सर्किट बोर्डाला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. आतला प्रोग्राम कुठे अडकलाय हे बघायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की मालवणच्या बर्फाच्या कारखान्यातल्या तापमान-नियंत्रकाचा दिवा लागतो आणि पुढे काहीच होत नाही. आधी बोर्डावर सिरियल पोर्टच्या (जिथून बोर्ड एकेक बिट करून अक्षरं पाठवतो) पिना शोधा: टीएक्स (पाठवणारी), आरएक्स (घेणारी), ग्राउंड. संगणकाला लावायच्या यूएसबी-सिरियल अ‍ॅडॉप्टरचा टीएक्स बोर्डाच्या आरएक्सला, आरएक्स टीएक्सला आणि ग्राउंडला ग्राउंड. जोडण्याआधी व्होल्टेज मोजाच, ३.३ व्होल्टच्या चिपला जुन्या, जास्त व्होल्टेजच्या आरएस-२३२ सिरियल पोर्टची वायर लावली तर चिप जळू शकते. वेग बहुधा सेकंदाला ११५२०० किंवा ९६०० बिट असतो. कचरा अक्षरं दिसली तर वेग बदलून बघा.

तिथेही शांतता असेल तर जेटॅग, म्हणजे चिपच्या आत डोकावायची चार तारांची जोडणी. चिपच्या पिना इतक्या बारीक झाल्या की तपासणीच्या सुया पोचेनात, म्हणून १९८५ मध्ये कंपन्यांचा एक गट जमला आणि १९९० मध्ये त्यांच्या पद्धतीचं आयईईई (अभियंत्यांची संस्था) ११४९.१ हे मानक झालं. मूळ हेतू पिनांचे सोल्डरचे डाग नीट बसलेत का हे पाहण्याचा. पण त्याच चार तारांनी प्रोसेसर जागच्या जागी थांबवून मेमरी वाचता येते, हे मला आजही विलक्षण वाटतं. आर्म रचनेच्या बऱ्याच चिपांना एसडब्ल्यूडी (सिरियल वायर डीबग) या जोडणीच्या दोन ताराही पुरतात.

आपल्याकडे खाऱ्या हवेने पिनांवर हिरवा थर चढतो. प्रोग्रामला दोष देण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने त्या पुसा.

सराव हवा असेल तर एखाद्या मच्छीमार बोटीचं जीपीएस ऐका. त्याची भाषा एनएमईए ०१८३ (बोटीवरच्या उपकरणांचं मानक), वेग ४८००. डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी सरळ वाचता येतात.