मीटर ५१ हजारांचं, गाडी ८४ हजारांची

प्रश्न : मी कराड तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. शाळा सुरू व्हायच्या आधी, जूनमध्ये, पुण्यातल्या जुन्या गाड्यांच्या एका डीलरकडून २०१७ सालची डिझेल कार ४ लाख ६० हजारांना घेतली. ३ लाख ६० हजार एनईएफटीने दिले, १ लाख रोख. पैसे शिक्षक पतसंस्थेचं कर्ज काढून उभे केले. जाहिरातीत ‘फक्त ५१,००० किमी, नॉन-ॲक्सिडेंटल, सर्टिफाइड’ असं लिहिलं होतं. ऑगस्टमध्ये खंबाटकी घाटात गाडी बंद पडली. मेकॅनिकने कार्पेट उचललं, तर खाली वाळलेला गाळ. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गाडीचा नंबर टाकून पाहिलं, तर शेवटची सर्व्हिसिंग जून २०२१ ची, ८४,००० किलोमीटरवर. आरसीवर अजून चिपळूणच्या मूळ मालकाचं नाव आहे. डीलर म्हणतो, “‘आहे त्या स्थितीत’ या ओळीखाली तुमची सही आहे. मी फक्त मध्यस्थ, मूळ मालकाला विचारा. फार तर २५ हजार देतो.” दुरुस्तीचा अंदाज १ लाख ४० हजार निघाला आहे. मेहुणे म्हणतात, गाडी त्याच्या दारात लावून व्हिडिओ काढू. गाडी परत करता येईल का? तोवर हप्ते थांबवू का?

उत्तर : गुरुजी, दुरुस्ती सुरू केली असेल तर आज थांबवा. कार्पेट धुतलं, वायरिंग बदललं की तुमचा सगळ्यात बोलका साक्षीदार गेला. आणि गाडी चालवूही नका. एक तर ती कुठल्याही वळणावर बंद पडेल. दुसरं, फसवणूक कळल्यावरही तुम्ही महिनोन्महिने गाडी वापरत राहिलात, तर समोरचा वकील म्हणणार की यांनी गाडी मान्य केली, आता परत कसली देता?

आता मुद्द्याचं. तुमची तक्रार ‘गाडी खराब निघाली’ अशी लिहू नका. आठ वर्षांची डिझेल गाडी बिघडते, त्यात नवल नाही. एवढ्यावर केस उभी केली तर ‘जुनी गाडी आहे, बिघडणारच’ या एका वाक्यात ती आडवी होते. अशी आडवी झालेली प्रकरणं मी पाहिली आहेत. तुमची ताकद वेगळ्या ठिकाणी आहे. डीलरने ५१ हजार सांगितले आणि गाडी चार वर्षांपूर्वीच ८४ हजार चालली होती. त्याने ‘सर्टिफाइड’ म्हटलं आणि कार्पेटखाली गाळ होता. काय बिघडलं यापेक्षा काय सांगून विकलं, यावर तक्रार बांधा.

‘आहे त्या स्थितीत’ची भीती पुष्कळांना वाटते. ती ओळ अगदीच निरुपयोगी नाही. टायर झिजलेत, क्लच कडक आहे, बंपरला ओरखडा आहे, अशा डोळ्यांना दिसणाऱ्या किंवा वयामुळे येणाऱ्या गोष्टींवर तुम्ही नंतर भांडू शकत नाही. वस्तुविक्री कायदा, १९३० चं कलम १६ हेच सांगतं : ग्राहकाने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसायलाच हवे होते अशा दोषांबद्दल विक्रेत्याला धरता येत नाही. पण तुम्ही गाडी घेताना अर्धा तास फिरवून पाहिली असणार. कार्पेट उचकटून कोण बघतं? आणि धडधडीत खोटं सांगून घेतलेली सही त्या ओळीने पवित्र होत नाही.

त्याचा वकील जरा हुशार असेल तर पुढची चाल अशी असेल : “कंपनीत एक फोन केला असता तर यांना खरे किलोमीटर कळले असते. स्वतः काळजी घेतली नाही.” फसवून केलेला करार रद्द करता येतो असं सांगणाऱ्या करार कायद्याच्या कलम १९ ला तसा अपवाद आहे खरा. सर्वसाधारण काळजी घेतल्यावर सत्य कळलं असतं, तर करार रद्द करता येत नाही. मात्र हा अपवाद अजाणता दिलेल्या चुकीच्या माहितीला आणि गप्प राहून केलेल्या फसवणुकीला लागू होतो. तोंड उघडून, जाणूनबुजून खोटं बोलणाऱ्याला त्याचा आडोसा मिळत नाही. म्हणून जाहिरातीचा स्क्रीनशॉट सोन्याच्या मोलाचा. जाहिरात अजून दिसत असेल तर तारखेसह जपून ठेवा, व्हॉट्सॲपचं संभाषण पूर्ण एक्स्पोर्ट करा, आणि तो फोन विकू नका, फॉरमॅट तर अजिबात करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. तुमची तक्रार जिथे जाणार आहे तो ग्राहक आयोग पुराव्याच्या कायद्याचा कीस काढत नाही, पण जोडून टाका, म्हणजे वादच नको.

रोख दिलेल्या लाखाची पावती नाही, असं तुम्ही लिहिलंय. पण तुम्ही पाठवलेल्या चॅटमध्ये त्याच दिवशीचा त्याचा मेसेज आहे : “१ पोचले सर, बाकीचे आरटीजीएस करा.” तो मेसेज आणि आदल्या दिवशी खात्यातून एक लाख काढल्याची पासबुकातली नोंद शेजारी शेजारी ठेवा. पुरेसं आहे. बिल किंवा पावती न देणं ही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे स्वतंत्र अनुचित व्यापारी प्रथा आहे. तोही मुद्दा तक्रारीत येऊ द्या.

“मी फक्त मध्यस्थ.” हे मी दर दोन महिन्यांनी ऐकते. पैसे कोणाच्या फर्मच्या खात्यात गेले? तुमच्या सहीचा कागद कोणाच्या लेटरहेडवर? जाहिरात कोणाची? तिन्हीचं उत्तर डीलर असेल तर मध्यस्थपणाची गोष्ट त्याने आयोगाला ऐकवावी. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी आरटीओचं अधिकारपत्र आलंय. मूळ मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची सूचना परिवहन खात्याच्या पोर्टलवर गेली की तो डीलर त्या गाडीचा मालक मानला जातो. डीलरला पाठवायच्या नोटिशीत सरळ विचारा : तुमच्या अधिकारपत्राचा क्रमांक काय, आणि ही गाडी ताब्यात घेतल्याची सूचना कधी दिली? माझा अंदाज, उत्तर येणार नाही. न येणंही आयोगासमोर मांडता येतं.

आता चिपळूणच्या मालकाबद्दल. त्यांना तुम्ही मनातल्या मनात आरोपी केलंय, असं पत्र वाचताना वाटलं. एमएच ०८ ची गाडी, शेवटची सर्व्हिसिंग जून २०२१, कार्पेटखाली गाळ. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं होतं, तेव्हा रस्त्यावरच्या गाड्यांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण नुकसान, धरते. मग ती भंगाराच्या भावात उचलली जाते आणि कधी कधी धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येते. तुमच्या गाडीचं हेच झालंय, असं मी आज छातीठोकपणे म्हणणार नाही. पण मालकांना फोन करा. भांडायला नको, विचारायला. पुरात क्लेम घेतला होता का? गाडी कोणाला दिली, तेव्हा मीटर किती होता? त्यांच्याकडे विम्यासाठी नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअरच्या रिपोर्टची प्रत असेल तर तुमचं निम्मं काम झालं.

ते मदत करतील, याला कारण आहे. आरसीवर नाव त्यांचं आहे. उद्या त्या गाडीने कोणाला उडवलं तर भरपाईचा दावा त्यांच्या दारात जाईल. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात हेच सांगितलं, गाडी मधे कितीही हात बदलली असली तरी नोंदणीकृत मालक जबाबदार. हे त्यांना शांतपणे समजावा. तुमच्याइतकीच झोप त्यांचीही उडेल.

पुरावा गोळा करताना एक युक्ती. चारही सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढा. रोजचा दिसणारा भाग धुऊन काढतात, रिळात गुंडाळलेला शेवटचा हातभर पट्टा कोणी धूत नाही. तिथे पाण्याची तपकिरी रेघ सापडते, गाळाचा वासही येतो. सीटच्या रुळांवरचा गंज, स्टेपनीच्या खड्ड्यातली माती, वायरिंगच्या जोडांवरचा हिरवट थर, सगळ्याचे फोटो घ्या. व्हिडिओ चॅसिस नंबरपासून सुरू करा आणि मधे न तोडता आत न्या. मग कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपकडून लेखी अहवाल आणि सर्व्हिस हिस्ट्रीची शिक्क्याची प्रत. परवानाधारक विमा सर्व्हेअरचा स्वतंत्र अहवाल मिळाला तर उत्तम. मेकॅनिकचं “साहेब, ही पाण्यातली गाडी आहे” हे तोंडी मत खरं असलं तरी टिकत नाही. गरज पडली तर आयोग स्वतः तपासणीचा आदेश देऊ शकतो.

यानंतर नोटीस, नोंदणीच्या सोयीसह स्पीड पोस्टाने, पंधरा दिवसांची मुदत देऊन : करार रद्द करतो, गाडी घेऊन जा, ४ लाख ६० हजार व्याजासह परत करा. मेहुण्यांना म्हणावं, गाडी त्याच्या दारात मुळीच लावायची नाही. सहीशिक्क्याच्या पोचपावतीशिवाय गाडी ताब्यात दिली तर आठवड्यात कार्पेट नवं येईल. आणि व्हिडिओ व्हायरल करून बदनामीचा खटला ओढवून घ्यायची हौस कशाला? ते २५ हजारही घेऊ नका. त्यासोबत ‘यापुढे कोणतीही तक्रार नाही’ असं छापील पत्र सहीला येतं.

तक्रार साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. २०१९ च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथे दाद मागायची सोय केलीय, पुण्याला खेटे घालायला नकोत. मोबदला ५ लाखांच्या आत आहे म्हणून फी शून्य. मुदत दोन वर्षांची, पण गाळ वाळून उडून जायची वाट पाहू नका. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल होते, वकील लावलाच पाहिजे असं नाही. नोटीस मिळाल्यावर डीलरला म्हणणं मांडायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ही ४५ दिवसांची मर्यादा पक्की केली. निकालाला मात्र कायद्यात लिहिलेल्या तीन-पाच महिन्यांपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, ती तयारी ठेवा.

मागणी दोन पायऱ्यांची ठेवा : आधी पूर्ण किंमत व्याजासह परत, ते नाहीच झालं तर खऱ्या आणि दिलेल्या किमतीतला फरक आणि दुरुस्तीचा खर्च. तुम्ही गाडी दोन महिने वापरलीत, त्याची काही वजावट होऊ शकते. मानसिक त्रासाचे दहा लाख वगैरे लिहू नका, त्याने अर्जाची किंमत कमी होते.

पोलिसांकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा अर्ज जरूर द्या आणि पोच घ्या. ‘हे दिवाणी आहे’ असं ऐकायला मिळेल. मिळू द्या, ग्राहक आयोगातलं प्रकरण त्यावर अडत नाही.

हप्ते थांबवायचे नाहीत. पतसंस्थेने तुम्हाला गाडी विकलेली नाही, आणि जामीनदार तुमच्याच शाळेतले दोघे आहेत. भरलेल्या व्याजाचा उतारा दर तिमाहीला काढून फाईलला लावा, नुकसानभरपाईत तो मागता येईल. गाडी सध्या कोरड्या जागी, झाकून ठेवा आणि बॅटरीची वायर काढून ठेवा. चिपळूणचा फोन झाला की मला कळवा, नोटिशीचा मसुदा त्यानंतर करू.