बलेनो आरएसचं इंजिन बसलं, आता त्यात कोणतं इंजिन टाकू?

भाऊ, तुमची बलेनो आरएस म्हणजे मारुतीची टर्बोवाली बलेनो, २०१८ ची, मे महिन्यात तापून बंद पडली, मिस्त्री म्हणते इंजिन बदला, आणि तुमच्या डोक्यात फ्रॉन्क्सचं टर्बो, साध्या बलेनोचं १.२, १.३ डिझेल नाहीतर स्विफ्ट स्पोर्टचं १.४ घुमून राह्यलं. मी आर्वीकडं गॅरेज चालवतो. माझं मत सरळ आहे, आरएसमध्ये आरएसचंच ९९८ सीसीचं के१०सी नावाचं इंजिन टाका.

१.४ चं पहिले सांगतो कारण सगळ्यांचा जीव त्यातच अडकते. १४० पीएसचं आहे, भारी आहे, पण आपल्याकडं ते कोणत्याच गाडीत विकायला आलं नाही, म्हणजे गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट, वायरिंग, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सगळं बाहेर देशातून, आणि त्या ईसीयूनं तुमची चावी ओळखली नाही तर नुसता स्टार्टर मारत बसा. आपल्या गावात हे स्कॅनर लावून सोडवणारा कोण भेटते बाप्पा? डिझेल टाकाल तर टाकीपासून लाइनपर्यंत सगळं उलटंपालटं, आणि आरसीवर पेट्रोल लिहिलेलं. १.२ मध्ये टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, १५० न्यूटन-मीटरची ११५ होते, मग आरएस ठेवता काहून, साधी बलेनोच घ्या ना.

फ्रॉन्क्सचं जवळचं आहे, त्याच घराण्यातलं, पण ते बीएस-६ म्हणजे नव्या प्रदूषण नियमाचं, हायब्रिडचा स्टार्टर-जनरेटर वेगळा, सेन्सर वेगळे. घेतलंच तर फक्त ब्लॉक आणि हेड वापरायचं, टर्बो, इंजेक्टर, मॅनिफोल्ड, ईसीयू तुमचाच, आणि तेही माउंटिंग अन् सेन्सरच्या जागा एकेक ताडून. स्वस्तात होईल असं वाटत असेल तर नाही होत.

कागदाचं विसरू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणते की कंपनीनं दिलेल्या माहितीपेक्षा आरसी वेगळी पडेल असा बदल करायचा नाही, सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. तसंच इंजिन टाकलं तरी आधी आरटीओची परवानगी, मग नवा नंबर आरसीवर आणि विम्यात चढवायचा. जुनं इंजिन मुंबईच्या कुर्ल्याहून आणा नाहीतर दिल्लीच्या मायापुरीहून, जुन्या पार्टच्या बाजारातून, बिल आणि ते ज्या गाडीचं आहे तिचे कागद नसतील तर हात लावू नका, चोरीचं निघालं तर तुम्हीच फसता.

पण खरं म्हणजे इंजिन गेलंच आहे का हे आधी बघा! मिस्त्रीनं कॉम्प्रेशन टेस्ट केली का? क्रँक हातानं फिरत असेल तर तिन्ही सिलिंडरचं प्रेशर मोजा, जिथं कमी येईल तिथं थोडं ऑइल टाकून परत मोजा, वाढलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट. तापलेल्या गाडीचं लय वेळा गॅस्केट जाते आणि हेड वाकते, ते मशीन शॉपमध्ये फेसिंग करून निघते. निळा धूर असेल तर इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करते तो) पाइप काढून आत ऑइल किती आहे पहा, टर्बोचं सील गेलं असेल आणि तुम्ही उगाच इंजिन शोधत फिराल.

आणि तापली काहून ते शोधल्याशिवाय कोणतंच इंजिन बसवू नका. तुमचं घर कापसाच्या जिनिंगजवळ आहे म्हणता, तर रुई एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधात गाद्यासारखी बसते, समोरून दिसतही नाही, दोन्ही सुटे करून धुवा. कूलंटच्या जागी बोअरचं पाणी टाकत असाल तर आत क्षार धरला असेल. फॅन आणि थर्मोस्टॅटही तपासा.

तिन्ही सिलिंडरचे आकडे आणि धुराचा रंग इथं टाका, मग सांगतो इंजिन घ्यायचं का नाही ते.