‘दॅट हॅमिल्टन वुमन’ हा प्रेमपट आहे की युद्धप्रचार?

दोन्ही, आणि प्रचार मुळीच लपवलेला नाही. 1941 सालचा अलेक्झांडर कोर्डाचा हा चित्रपट वरवर नेपोलियनच्या काळातला ब्रिटिश नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल नेल्सन आणि एमा हॅमिल्टन यांच्या विवाहबाह्य प्रेमाची गोष्ट सांगतो. या भूमिका करणारे लॉरेन्स ऑलिव्हिए आणि व्हिव्हियन ली नुकतेच लग्न झालेले, त्यामुळे पडद्यावरची ओढ खरीच वाटते.

पण नेल्सन नौदलाच्या वरिष्ठांसमोर नेपोलियनबद्दल बोलतो तो प्रसंग पाहा. हुकूमशहांशी तह होत नसतो, त्यांना संपवावंच लागतं, असा त्याचा सूर. नाव नेपोलियनचं, रोख सरळ हिटलरवर! चित्रपट हॉलिवूडमध्ये तयार झाला तेव्हा अमेरिका तटस्थ होती. त्यामुळे तिथल्या सिनेटमधले युद्धविरोधी लोक कोर्डावर भडकले. त्याची चौकशी व्हायची होती, पण पर्ल हार्बरवर हल्ला झाला, अमेरिकाच युद्धात उतरली आणि ती बारगळली.

चर्चिलचा हा अतिशय आवडता चित्रपट. ऑगस्ट 1941 मध्ये रूझवेल्टच्या भेटीला जाताना ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ युद्धनौकेवरही त्याने तो लावला होता.

मला विचाराल तर ते भाषण जरा ठोकळेबाज आहे. चित्रपट तरतो तो व्हिव्हियन लीमुळे.