राजीनाम्याआधी एवढं कर

भाऊ, सर्व्हेच्या कन्सल्टन्सीत रात्री अकराला 'सकाळपर्यंत डेटा पाहिजे' येणारच, आर्णी-दिग्रसची गावं पालथी घातल्यावर पेट्रोलचं बिलही लटकणार. साहेबाशी तोंडी भांडू नको. प्रोजेक्ट संपला की साहेब बदलतो, त्याने तोंडी दिलेली बिलाची कबुलीही त्याच्यासोबत जाते. दर शनिवारी ई-मेल टाक: तारीख, गाव, गाडीचे किलोमीटर, पंपाची पावती, थकलेली रक्कम. राजीनाम्यानंतर कंपनीचा आयडी बंद पडतो, म्हणून प्रत स्वतःच्या जीमेलवर ठेव. फक्त बिलांची हं, क्लायंटचा डेटा पाठवलास तर तूच अडकशील. उमंग ॲपवर पीएफचं पासबुक बघ. पगारातून कापलेले 12 टक्के तिथे दिसत नसतील तर ईपीएफओकडे, म्हणजे पीएफच्या सरकारी कार्यालयाकडे, ऑनलाइन तक्रार होते. नोटीस पिरियड नेमणूकपत्रात वाच. कंपनीचा टॅब परत करताना सही-शिक्क्याची पोच घे, नाहीतर त्याचे पैसे शेवटच्या पगारातून कापतील.