सेक्रेटरींचा ढीग आणि इतर प्रश्न

मागच्या वेळी तीन पत्तीतल्या शक्यतांबद्दल लिहिलं, तर पत्रं आली ती ब्लॅकजॅकची. कुणी गच्चीवर खेळतं, कुणी फोनवर, कुणी गोव्याला जायच्या तयारीत आहे. मी तीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, कॅसिनोत आयुष्यात दोनदा गेलो, आणि दोन्ही वेळा जेवणच जास्त आवडलं. एवढं सांगून सुरुवात करतो.

प्रश्न : आमच्या सोसायटीत कोजागिरीला मसाला दूध झालं की गच्चीवर एकवीसचा डाव बसतो. पैसे नाहीत, चिंचोके. पत्ते नेहमी सेक्रेटरीच वाटतात आणि शेवटी ढीग त्यांच्यापुढेच. तीन वर्षं हेच चाललंय. पिसताना काही करत असतील का? (नेरूळ)

त्यांना काही करायची गरजच नाही. नियमच त्यांच्या बाजूचा आहे, आणि तो इतका साधा आहे की कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

आधी खेळ (एकवीस म्हणजेच ब्लॅकजॅक) थोडक्यात सांगतो, कारण निम्म्या पत्रांची गाडी इथेच अडलीय. दुर्री ते दश्शी पानाची किंमत त्याच्या आकड्याएवढी. गुलाम, राणी, राजा प्रत्येकी १०. एक्का सोयीप्रमाणे १ किंवा ११. प्रत्येकाला दोन पानं. वाटणाऱ्याचं (कॅसिनोत त्याला डीलर म्हणतात) एक उघडं, एक पालथं. हवं तर आणखी पान मागायचं, नको तर थांबायचं. बेरीज २१ च्या वर गेली की तुम्ही उडालात. सगळ्यांचं झालं की वाटणारा पान उलटतो. १६ पर्यंत त्याला पान घ्यावंच लागतं, १७ ला थांबावंच लागतं. पहिल्याच दोन पानांत एक्का आणि दहाच्या किमतीचं पान आलं तर तो ब्लॅकजॅक. कॅसिनोत त्याला दीडपट मिळतात. २१ गाठणं हा खेळाचा हेतूच नाही, वाटणाऱ्याला हरवणं हा आहे. तो उडाला तर तुम्ही १३ वर थांबूनही जिंकता.

आता गोम बघा. तुम्ही आधी खेळता. तुम्ही उडालात की तुमचे चिंचोके त्याच क्षणी गेले. नंतर सेक्रेटरीही उडाले तरी ते परत मिळत नाहीत. सतराला थांबण्याच्या नियमाने खेळणारा शंभरात साधारण २८ वेळा उडतो. तुम्हीही अगदी त्याच नियमाने खेळलात तर दोघंही उडाल असे डाव ०.२८ गुणिले ०.२८, म्हणजे शंभरात जवळजवळ आठ. हे आठही सेक्रेटरींचे. बाकी सगळं तराजूसारखं समसमान. कॅसिनोत ब्लॅकजॅकच्या दीडपटीमुळे त्यातले दोन-सव्वादोन तुमच्याकडे परत येतात आणि साडेपाचच्या आसपास त्यांच्याकडे उरतात. तुमच्या गच्चीवर दीडपट देतात का? बहुधा नाही. आणि ‘बरोबरी झाली की डाव वाटणाऱ्याचा’ असा घरगुती नियम असेल (बऱ्याच घरांत असतो) तर आणखी नऊ-दहा डाव त्यांच्या खिशात. म्हणजे शंभर चिंचोक्यांच्या उलाढालीत सतरा-अठरा आपोआप एका बाजूला सरकतात. तीन वर्षं कशाला, एका रात्रीत दिसेल.

उपाय सोपा आहे. बरोबरीत ज्याचे त्याला परत द्या आणि वाटण्याची पाळी फिरती ठेवा. झब्बूत पाळी फिरते ना, तशी.

प्रश्न : माझ्याकडे १६, डीलरची दश्शी. मी थांबते, हे म्हणतात पान घे. यावरून आमच्यात खरोखर अबोला झालाय. (चरई, ठाणे)

अबोला सोडा. जवळजवळ सारखंच आहे.

सोळावर पान घेतलं तर तेरा प्रकारच्या पानांपैकी सहा ते राजा ही आठ तुम्हाला उडवतात, म्हणजे ६१ टक्क्यांच्या वर. ऐकायला भीषण वाटतं आणि म्हणून माणूस थांबतो. पण थांबलात तर तुम्ही फक्त डीलर उडाला तरच जिंकता, आणि दश्शी दाखवणारा डीलर शंभरात २३ वेळाच उडतो. म्हणजे २३ जिंकले, ७७ हरले. शंभर रुपयांमागे तोटा ५४. पान घेतलं तर तोटा साडेत्रेपन्नच्या आसपास. शंभराला अर्धा रुपया वाचतो, म्हणून पुस्तकी उत्तर ‘पान घ्या’. अर्धे पैसे देऊन डाव सोडायची सोय असेल (याला सरेंडर म्हणतात) तर तोटा बरोबर ५०, म्हणून ते सगळ्यात बरं. आणि १६ ही बेरीज ४, ५, ७ अशा तीन पानांची असेल तर थांबा, कारण तुम्हाला वाचवणारी बारकी पानं तुमच्याच हातात येऊन बसलीत. तेव्हा यजमान बरोबर आहेत, पण तुम्हीही फारशा चुकत नाही.

याच्या निमित्ताने बाकीचे नियम सांगून टाकतो, वेगळं पत्र नको. डीलरचं उघडं पान ४, ५, ६ असेल तर तो अडचणीत असतो; सहावर तो शंभरात ४२ वेळा उडतो. अशा वेळी तुम्ही १२ वरच थांबा आणि त्याला उडू द्या. उघडं पान २ किंवा ३ असेल तर १३ ला थांबा. सात किंवा वर असेल तर १७ होईपर्यंत मागत राहा. ११ आले की पैसे दुप्पट करून एकच पान घ्या (याला डबल म्हणतात), डीलरचा एक्का असेल तर मात्र नियम बघून. एक्क्यांची आणि अठ्ठींची जोडी नेहमी फोडा, म्हणजे तिचे दोन वेगळे डाव करा. दश्शींची आणि पंजींची कधीच नको. दोन अठ्ठी म्हणजे १६, आणि सोळाचं दुःख आत्ताच पाहिलं. एक्का-छक्की म्हणजे एक्का ११ धरून झालेले १७. त्यावर थांबू नका, एक पान घेऊन उडण्याची शक्यता शून्य आहे. हे पाळलंत आणि टेबलाचे नियम चांगले असले तर घराचा (म्हणजे कॅसिनोचा) फायदा शंभराला अर्ध्या रुपयावर येतो. शून्यावर येत नाही.

हे कोडं पहिल्यांदा नीट सोडवलं ते अमेरिकी लष्करातल्या चार जणांनी, टेबलावरच्या यांत्रिक कॅल्क्युलेटरवर. १९५६ मध्ये त्यांचा निबंध छापून आला. एकेका डावाची शक्यता मोजत बसलेले चार जवान डोळ्यांपुढे आणा. मला ते चित्र फार आवडतं.

प्रश्न : मी विमा एजंट आहे. डीलरचा एक्का असला की टेबलावर ‘इन्शुरन्स’ देतात. तो घ्यावा, असं माझं व्यावसायिक मत आहे. (कळवा)

नाव विम्याचं, पण आत विमा नाही. डीलरचं पालथं पान दहाच्या किमतीचं आहे का, एवढ्यावरची ही वेगळी पैज. लागली तर दुप्पट मिळतात. तेरा प्रकारांपैकी दहाची किंमत असलेले चार. तेरा वेळा एकेक रुपया लावा : चार वेळा दोन-दोन मिळून आठ आले, नऊ वेळा एकेक गेला. तेरा रुपयांमागे एक रुपया खड्ड्यात. इतका हप्ता घेणारी पॉलिसी तुम्ही तुमच्या गिऱ्हाइकाला विकाल? तुमच्याकडे ब्लॅकजॅक असताना डीलर ‘सरळ एकास एक घ्या’ म्हणतो, तोही हाच विमा, वेष बदलून.

प्रश्न : हरलो की पुढचा डाव दुप्पट, जिंकलो की पुन्हा पहिल्यापासून. गणिताने हे हरूच शकत नाही ना? (कोपरखैरणे)

पाचशेपासून सुरू करा. ५००, १,०००, २,०००… सात डाव सलग गेले की तुमचे ६३,५०० गेलेले असतात आणि आठव्याला ६४,००० लावायचे असतात. तेवढे खिशात असले तरी टेबलाची वरची मर्यादा आडवी येते. बरोबरीचे डाव सोडले तर तुम्ही शंभरात ५३ च्या आसपास हरता. सलग सातची वेळ साधारण पंच्याऐंशी फेऱ्यांत एकदा येते. उरलेल्या चौऱ्याऐंशी फेऱ्यांत पाचशे-पाचशे जमवून ४२,००० होतात. दीडपट आणि डबलमुळे हा हिशेब थोडा मवाळ होतो, पण उलटत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने याच पद्धतीने दोन संध्याकाळी जिंकून मला पेढे आणून दिले होते. तिसऱ्या संध्याकाळनंतर तो आला नाही.

प्रश्न : मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कार्ड काउंटिंग खरंच चालतं का? (ऐरोली)

चालतं. १९६२ मध्ये एडवर्ड थॉर्प या गणिताच्या प्राध्यापकाने ते पुस्तकातून जगापुढे मांडलं. आकडेमोड एमआयटीतल्या आयबीएम ७०४ या संगणकावर केली होती. कल्पना मेंढीकोट खेळणाऱ्याला पटकन कळेल : दश्शा कुणाकडे गेल्या, किती उरल्या, याचा हिशेब आपण ठेवतोच. इथेही उरलेल्या गठ्ठ्यात दहाची पानं आणि एक्के जास्त असले की खेळणाऱ्याचा फायदा, कारण ब्लॅकजॅक जास्त लागतात, डबल फळतं आणि सोळावर पान घ्यावंच लागणारा डीलर जास्त उडतो. बारकी पानं उरली की डीलरचा.

मोजायचं असं : २ ते ६ दिसलं की अधिक एक, ७ ते ९ शून्य, दहाची पानं आणि एक्का उणे एक. पूर्ण कॅट संपला की बेरीज शून्य यायलाच हवी. नाही आली तर चुकलात. ठाण्याहून वाशीला जाईपर्यंत गाडीत एकेक पान उलटत सराव करा, शेजारचा प्रवासी तुमच्याकडे संशयाने बघेल एवढंच. टेबलावर सहा-आठ कॅट एकत्र असतात, म्हणून बेरजेला उरलेल्या कॅटच्या संख्येने भागायचं. भागाकार एकाने वाढला की तुमची बाजू साधारण अर्ध्या टक्क्याने सुधारते. म्हणजे एकला बरोबरी, दोनला अर्धा टक्का तुमचा.

आता दुसऱ्या वर्षाचं संख्याशास्त्र वापर. एका डावाचं प्रमाण विचलन (निकाल सरासरीपासून किती इकडेतिकडे होतो ते) पैजेच्या १.१५ पट. हजार डावांना वर्गमूळाने ते ३६ पट होतं, आणि अर्ध्या टक्क्याने हजार डावांत अपेक्षित कमाई फक्त ५ पट. पाचची कुजबुज छत्तिसाच्या गोंगाटात ऐकायची आहे. त्यात सतत पिसणारं यंत्र असेल तर मोजण्यासारखं काही उरतच नाही, आणि संगणकावरच्या खेळात तर प्रत्येक डावाला नवी पिसणी. नुसत्या डोक्याने मोजणं अमेरिकेत गुन्हा नाही, पण नेवाडातला कॅसिनो तुम्हाला हात जोडून बाहेर काढू शकतो. अभ्यास म्हणून उत्तम विषय आहे. प्रोजेक्ट कर, सिम्युलेशन लिही, मला दाखव.

प्रश्न : नवी मुंबईत कॅसिनो येणार असं ऐकतो. खरं का? (सीवूड्स)

नाही. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अमलातच आणला नाही, आणि २०२३ मध्ये रद्द केला.

प्रश्न : ऑफिसची ट्रिप गोव्याला आहे, टेबलावर बसणारच. काय बघू? (वागळे इस्टेट)

गोव्यात खरे पत्ते वाटणारी टेबलं पाण्यावरच्या जहाजांवर. १९९६ च्या दुरुस्तीने ती मुभा आली. पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचे खेळ. बसण्याआधी टेबलावरच्या कापडावर छापलेलं वाच. ब्लॅकजॅकला ‘३ ला २’ की ‘६ ला ५’? हजाराला पहिल्यात दीड हजार, दुसऱ्यात बाराशे. ब्लॅकजॅक एकवीस डावांत साधारण एकदा येतो, म्हणून हा फरक क्षुल्लक वाटतो, पण त्याने घराचा फायदा १.४ टक्क्यांनी वाढतो. तासाला साठ डाव, प्रत्येकी हजार धर : चांगल्या टेबलावर नीट खेळलास तर तासाचं भाडं सरासरी ३०० रुपये, ‘६ ला ५’ वर अकराशेच्या वर, आणि डीलरची नक्कल करत बसलास तर चांगल्या टेबलावरही ३,३००. डीलर एक्का धरून झालेल्या १७ वर पान घेतो असं लिहिलं असेल तर आणखी पाव टक्का त्याचा. जोड्यांच्या, रंगांच्या बाजूच्या पैजांकडे बघूच नकोस. जिंकलास तर जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर आहे, आणि हरलेले त्यातून वजा करता येत नाहीत. बाकी ठाण्याहून मांडवी एक्सप्रेसने मांडवी नदीवर जुगाराला जाणं यात एक नेटकेपणा आहे, एवढं कबूल.

प्रश्न : मुलगा एकोणीस वर्षांचा, फोनवर पैसे लावून ब्लॅकजॅक खेळतो. म्हणतो हा कौशल्याचा खेळ आहे, रमीसारखा. (कोपरी)

रमीत कौशल्य जास्त, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये म्हटलं होतं हे खरं. मुलं एवढं बरोबर पाठ करतात. पण ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी आहे, मग त्यात कौशल्य असो वा नशीब. शिक्षा चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशांची देवाणघेवाण करून देणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही. म्हणून मुलगा गुन्हेगार नाही, हे आधी मनाशी धरा. पण ते ॲप बेकायदा आहे, बहुधा परदेशातून चालतं, आणि त्याने पैसे अडवले तर दाद मागायला दार नाही. पत्ते नीट पिसलेत का, हे तपासणारंही कुणी नाही.

वर लिहिलेल्या साऱ्या आकड्यांचा त्याच्यावर परिणाम होणार नाही; तो जिंकलेले डाव लक्षात ठेवतोय. म्हणून भांडणाऐवजी बँकेचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट दोघांनी एकत्र बसून बघा, गेलेले एका रंगात आणि आलेले दुसऱ्या रंगात रंगवा. बेरीज त्याला करू द्या. यूपीआयची रोजची मर्यादा त्याच्या संमतीने खाली आणा. झोप उडाली असेल, उसने घेतले असतील, खोटं बोलणं सुरू झालं असेल तर टेलिमानसला १४४१६ वर फोन करा. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि आधी तुम्ही एकट्यानेही केला तरी चालतो.