हॉल नंतर, आधी माणसं मोजा

घरात लग्न ठरलंय आणि आधी हॉल बुक करून टाकायचा म्हणताय. तुळशीचं लग्न झालं की ठाण्यात हॉलची पळापळ सुरू होते, तेव्हा तुमची घाई कळते. तरी डिपॉझिट भरण्याआधी दोन्ही घरच्यांनी बसून पाहुण्यांची यादी करा. खर्च ताटावर चढतो. ६०० रुपयांचं ताट आणि ३०० माणसं धरली तर १,८०,००० तिथेच गेले. पन्नास नावं कमी केलीत तर ३०,००० वाचतात. फुलांवर घासाघीस करून एवढे कधीच वाचत नाहीत. (यादीतून आत्याची नणंद कोण गाळणार, ते मात्र आधी ठरवा!)

केटररला 'कमीत कमी किती ताटांचे पैसे लावणार' हे लेखी विचारा. आमच्या मुलीच्या वेळी हे विचारायचं राहिलं आणि न जेवलेल्या चाळीस ताटांचे पैसे मोजले. हॉलवाल्याला वीज, साफसफाई, खोल्या आणि बाहेरचा केटरर चालेल का, एवढं विचारून घ्या.

शनिवार-रविवारचा हट्ट सोडलात तर भाव उतरतो. मुहूर्त सकाळचा असेल आणि वऱ्हाड घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून यायचं असेल, तर निघायची वेळ तासभर आधीची सांगा. गुरुजी थांबतील, मुहूर्त नाही थांबत. संध्याकाळी रिसेप्शन ठेवलंत तर रात्री दहाला स्पीकर बंद करावा लागतो.

रजिस्टर लग्न करणार असाल तर नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावं लागतं, तेवढं धरून तारीख काढा. मानपानाच्या साड्यांचं सावकाश बघू.