न पाहिलेला आकडा

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. बदलीचा अर्ज करू की नको, डायलिसिसला राहिले तर आयसीयूचं काम विसरेन का, टेक्निशियन असताना तिथे नर्सचं काय काम, हे सगळं वाचलं आणि बाजूला ठेवलं. ते कळायला थोडे महिने जावे लागतात, पत्राने कळत नाही. मला अस्वस्थ केलं ते तुझ्या शेवटच्या ओळींनी. पेशंट लावला की लगेच चारही तासांचे बीपी शीटवर भरून टाकायचे, सगळे तसंच करतात, मी नाही म्हटलं तर एकटी पडते, काय करू?

नको भरूस. जो आकडा तू स्वतः पाहिला नाहीस, तो लिहायचा नाही. माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच आहे, आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कंटाळा आला तरी शेवटपर्यंत वाच.

पाण्यापासून सुरू करते, कारण तिथे कुणाचं लक्ष नसतं. डायलिसेटचा, म्हणजे मशीनमधून फिरणाऱ्या द्रावणाचा, फ्लो मिनिटाला ५०० मिली धरला तर चार तासांत एका पेशंटच्या रक्ताला १२० लिटर पाणी भिडतं, मध्ये फक्त डायलायझरचा, म्हणजे रक्त गाळणाऱ्या नळकांड्याचा, पडदा. आरओ प्लांटमध्ये, म्हणजे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत, वाळूचा फिल्टर, कार्बन, पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर आणि मग मेम्ब्रेन. क्लोरीन आणि क्लोरामाइन अडवतो तो कार्बन. म्हणून प्लांट किमान पंधरा मिनिटं चालू झाल्यावर, पहिला पेशंट लावायच्या आधी, कार्बनच्या पुढच्या नळाचं पाणी घेऊन टोटल क्लोरीन बघायचं. लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर एकही पेशंट लागत नाही, मग बाहेर कितीही ओरडा होऊ दे. आपल्याकडे जूनमध्ये नदी गढूळ झाली की पाणीपुरवठ्यात टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, वाढते, मे महिन्यात टँकर येतो त्यातही कुणी मोजून टाकलेली नसते. कालपर्यंत पुरा पडणारा कार्बन आज पुरत नाही. क्लोरामाइन रक्तात पोचलं तर लाल पेशी फुटतात आणि ब्लडलाइनमधलं रक्त कोकम सरबतासारखं आरपार दिसायला लागतं. ते दिसलं तर लाइन क्लॅम्प करायची, ते रक्त परत द्यायचं नाही आणि डॉक्टरांना तिथल्या तिथे बोलवायचं. पण तोवर उशीर झालेला असतो. पाण्याची हार्डनेस, म्हणजे जडपणा, मात्र दिवसाच्या शेवटी बघ, कारण सॉफ्टनर थकतो तो संध्याकाळी. मिठाच्या टाकीत मीठ आहे ना, तेही झाकण उघडून.

हे टेक्निशियनचं काम आहे म्हणशील. असू दे. त्याने पाहिलं तर त्याने लिहावं, सही त्याची. रजिस्टरवर तुझी सही हवी असेल तर टेस्टची पट्टी तुझ्या हातात आणि उजेडात. “काल बरोबर होतं” हे रीडिंग नव्हे.

डायलायझर रीयूजचा, म्हणजे धुऊन त्याच पेशंटला पुन्हा वापरायचा, असेल तर तेच. धुऊन झाल्यावर त्यात मावणारं व्हॉल्यूम मूळच्या ८० टक्क्यांच्या खाली गेलं की तो टाकायचा. प्राइमिंगनंतर, म्हणजे सलाइनने भरून घेतल्यावर, जंतुनाशक उरलं नाही ना, ते पट्टीने पाहायचं. नाव पेशंटला वाचून दाखवायचं, वाचता येत असेल तर त्यालाच वाचायला लावायचं. एका वाडीत एका नावा-आडनावाची दोन माणसं असणं आपल्याकडे नवं नाही, आणि दोघंही तुझ्याच शिफ्टला येऊ शकतात. हिपॅटायटिस बीच्या पेशंटचं मशीन वेगळं, आणि त्याचा डायलायझर रीयूज करायचा नाही. इथे चर्चा नको.

आता वजन. वजनकाट्यापाशी तू उभी राहत नाहीस, पेशंट स्वतः येऊन आकडा सांगतो, असं तू सहज लिहून गेलीस. बाळा, तो आकडा ऐकलेला आहे, पाहिलेला नाही. समज, ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं वजन, ५२ किलो आणि आज काटा ५५.२ दाखवतो. वाढ ३.२, त्यात शेवटी रक्त परत देतानाचं सलाइन आणि मधला चहा मिळून ३०० मिली धर. झालं साडेतीन लिटर. चार तासांत काढायचं तर ताशी ८७५ मिली, म्हणजे किलोमागे जवळपास १७. ताशी किलोमागे १३ मिलीच्या वर जाऊ नये हे तुला पाठ आहे. ५२ किलोच्या माणसाला तो हिशोब ताशी ६७६ मिलीवर थांबतो, चार तासांत २.७ लिटर. उरलेलं ८०० मिली कुठे न्यायचं? वेळ वाढवायचा की उद्या जादा बोलवायचं, हे डॉक्टर ठरवतील, पण त्यांना फोन लावायचा तो मशीनवर ३.५ टाकायच्या आधी. आणि त्या ३.२ मध्ये रेनकोट, भिजलेलं लुगडं, चपला, किल्ल्यांचा जुडगा, मोबाईल असं ८०० ग्रॅमचं ओझं असेल, तर माणसाच्या अंगात नसलेलं ८०० मिली पाणी तू त्याच्या रक्तातून ओढायला निघालीस. पावसाळ्यात अचानक बीपी पडणाऱ्यांची संख्या वाढली तर आधी काट्यावर काय काय चढतंय ते बघ.

ड्राय वेट हा दगडावर कोरलेला आकडा नाही, हेही लक्षात ठेव. माणूस जेवेनासा झाला, मांस गेलं, तर वजन तेच दिसतं आणि मांसाच्या जागी पाणी बसतं. पाय दाबून बघ, मानेची शीर बघ, रात्री किती उशा घेऊन झोपता ते विचार. नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर, बाहेरून ठरलेल्या दिवशी येतात तिथे हे त्यांना सांगणार कोण? आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास पेशंटजवळ असतेस ती तू. टेक्निशियन असताना नर्सचं काय काम, ह्याचं उत्तर हवं होतं ना.

बीपीकडे येते. अर्ध्या तासाने घ्यायचं, डगमगता पेशंट असेल तर पंधरा मिनिटांनी. आणि कफ बांधण्याआधी तोंडाकडे बघ. गप्पा मारणारा माणूस गप्प होतो. एक जांभई देतो, मग दुसरी. वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब येतात, नजर खिडकीकडे जाते पण काही बघत नसते. विचारलंस तर म्हणेल, “काय नाय गो, जरा झोप येता.” ही झोप नव्हे. आधी यूएफ, म्हणजे पाणी काढणं, बंद. डोकं खाली, पाय वर. १०० ते २०० मिली सलाइन. बीपी पुन्हा. डॉक्टरांना कळव. त्याच वेळी पोटरीत गोळा येत असेल तर पाऊल वर दाबून धर. मशीनवर पुढचं बीपी अजून वीस मिनिटांनी असेल आणि तोवर माणूस बेशुद्ध झालेला असेल.

आणि हे जर शीटवर आधीच १३०/८० लिहून ठेवलेलं असेल तर? प्रसंग निभावतो, सलाइन देतो, आकडा तसाच राहतो. दुसऱ्या दिवशी डॉक्टर शीट बघतात: चारही तास १३०/८०, उत्तम. ड्राय वेट वाढवायचं सुचत नाही, सकाळची बीपीची गोळी डायलिसिसच्या दिवशी बंद करायचं सुचत नाही. पुढच्या खेपेला तोच माणूस पुन्हा कोसळतो. खोटा आकडा कागदावर गप्प बसत नाही, त्याच्यावर औषधं लिहिली जातात. हे कुणी मुद्दाम करत नाही, मला ठाऊक आहे. दोन नर्स, दहा खाटा, बाहेर एसटीची वेळ गाठायची घाई असलेले नातेवाईक. म्हणूनच म्हणते, वेळ मिळाला नाही तर रकाना रिकामा सोड आणि बाजूला लिही: “१०.३० चं बीपी घेतलं नाही, खाट ४ ची इमर्जन्सी.” खाली सही. खंत आहे ती एवढीच, की छापील शीटमध्ये असा रकाना मी कधी घालून घेऊ शकले नाही. तासांचे रकाने होते, न घेतल्याचं कारण लिहायला जागा नव्हती. जागा नसेल तर समासात लिही.

मला हट्टी म्हणायचे. माझ्या शिफ्टला उशीर होतो म्हणायचे. व्हायचा उशीर. एका पेशंटनंतर दुसरा लावायला जो वेळ लागतो तो लागतोच. कमी करायचा तर मधलं काहीतरी गाळावं लागतं, आणि काय गाळलं ते कुणी सांगत नाही. असो, माझी बाजू मांडायला हे पत्र नाही.

फिस्टुला, म्हणजे सुया टोचायला हातात धमनी आणि शीर जोडून केलेली जागा. टोचायच्या आधी बघ, हात ठेव, स्टेथोस्कोप लाव. बोटांना थरथर लागली पाहिजे, कानाला सलग घूं-घूं आवाज आला पाहिजे. आवाज तुटक किंवा शिट्टीसारखा वाटला तर पुढे कुठेतरी अरुंद झालंय, डॉक्टरांना सांग. थरथर नाही तर सुई नाही. आर्टेरियल सुई (रक्त बाहेर नेणारी) त्या जोडापासून किमान ३ सेंटीमीटर दूर, व्हीनस (रक्त परत देणारी) नेहमी हृदयाच्या दिशेने, दोघींच्या टोकांत ५ सेंटीमीटर तरी. दर वेळी जागा थोडी सरकव. त्याच ठिकाणी टोचलं तर पेशंटला दुखत नाही आणि तुला सोपं जातं, म्हणूनच तिथे फुगे येतात. जाळं ओढणाऱ्याला, विहिरीचं पाणी काढणाऱ्या बाईला त्या हाताबद्दल नीट समजाव: ओझं नाही, घट्ट बांगडी नाही, त्यावर बीपी नाही, रक्त काढणं नाही.

आणि तो हात उघडा. एसीत थंडी वाजते म्हणून पेशंट चादर ओढून घेतात, तू ती मनगटापासून खांद्यापर्यंत बाजूला कर. व्हीनस सुई निसटली तरी मशीन दर वेळी ओरडेलच असं नाही, कारण दाब बऱ्याच अंशी सुईच्या अरुंदपणामुळेच असतो आणि ती बाहेर आली तरी तो फारसा पडत नाही. पंपाचा वेग मिनिटाला ३०० मिली असेल तर पाच मिनिटांत दीड लिटर रक्त गादीत. चादरीखाली असेल तर कळणार कधी?

लाइट जाणारच. २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते यांनी किनाऱ्यावर विजेचे खांब आडवे केले होते, आणि साध्या पावसातही फीडर जातो. पंपाचा हातदांडा कुठे टांगलाय ते आज बघून ये. बॅटरी संपली तर रक्त हाताने फिरवून परत द्यायचं असतं, तेव्हा व्हीनस लाइन क्लॅम्पमधून सोडवावी लागते आणि हवा पकडणारा डिटेक्टर कामाचा राहत नाही. ड्रिप चेंबरवर नजर तुझीच.

खाण्याबद्दल शीटवर “आहाराचा सल्ला दिला” असा शिक्का मारू नकोस. काल काय खाल्लंत ते विचार आणि ते लिही. शहाळं, केळी, फणस, आंबा, सगळ्यात पोटॅशियम. सुकट आणि खारा बांगडा म्हणजे मीठ, मीठ म्हणजे तहान, तहान म्हणजे पुन्हा ते ३.२ किलो. पेज हेही पाणीच. करमलं, ती पाच धारांची आंबट फळं, अजिबात नाहीत. किडनी बंद असलेल्या माणसाला त्याने न थांबणारी उचकी लागते, भ्रम होतो, फिट येते. गणपतीत एक खेप चुकवणारे असतात, त्यांना आधीच्या आठवड्यात गाठ. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांचे व्हायरल रिपोर्ट (हिपॅटायटिस, एचआयव्हीचे) कागदावर बघ, फोनवर ऐकून मशीन देऊ नकोस.

एकटी पडशील, हे खरं आहे. चहाच्या वेळी कुणाला उपदेश करायला जाऊ नकोस, त्याचा उपयोग नाही. तुझ्या शीटवर १३२, १२६, ११८, १०४ येतील, शेजारच्या शीटवर चार वेळा १३०. बघणाऱ्याला दिसतं. बदलीचा अर्ज करायचाच असेल तर कर, पण ही सवय लागल्यावर कर, म्हणजे आयसीयूतही ती तुझ्याबरोबर जाईल.

एक राहिलं. हिपॅटायटिस बीची लस घेतल्याचं लिहिलंस, तिन्ही डोस झाले म्हणतेस. टायटर, म्हणजे लशीने रक्तात किती प्रतिपिंडं तयार झाली ती तपासणी, केली का? १० च्या वर आहे का? आकडा कळव, आणि रिपोर्ट हातात घेऊन कळव.

तुझी,
ताई